विमान वरून गेलं की पोटात गोळा येतो. आवाज खरंच वाढलाय की माझंच डोकं फिरलंय?

जयताळ्याची_सून

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहून राहिले, सांभाळून घ्या.

माहेर नागपूरच्या महाल भागातलं. म्हणजे बँड, डीजे, पहाटेचा भोंगा, शेजारच्यांची भांडणं सगळं ऐकतच मोठी झाले, आवाजाचं मला कधी काही नव्हतं. लग्न होऊन इकडे जयताळ्याच्या बाजूला आले त्याला नऊ वर्षं झाली. तिसरा मजला, विमानं डोक्यावरूनच जातात. पहिले दोनतीन महिने मजा वाटली मग लक्षातही येईनासं झालं. माहेरचे आले की कानावर हात ठेवायचे, मी विचारायची काय झालं?

हे सगळं २०२५ च्या जूनपर्यंत. १२ जूनला अहमदाबादचं ते विमान पडलं ना, मेडिकल कॉलेजच्या होस्टेलवर, तेव्हापासून सगळं बिनसलंय. विमानातल्या लोकांचं वाईट वाटलंच, पण माझ्या डोक्यात अडकले ते खालचे १९ जण. काही पोरं मेसमधे जेवत होती. ताट समोर. मी पण त्याच वेळेला, दुपारी दीडच्या आसपास, मुलाला वाढत असते आणि नेमकं तेव्हाच एक विमान जातं आमच्यावरून.

आता होतं असं की आधी लांबून एक बारीक शीळ ऐकू येते, मग घरघर, आणि मग मी जे करत असेन ते थांबवते. झारा हातात तसाच, फोनवर असले तर वाक्य अर्धं. आवाज पुढे सरकला की श्वास सोडते. रात्री ११:४० च्या आसपास एक येतं, ते गेल्याशिवाय झोपच नाही. दिवाळीनंतर तर आवाज फारच वाढलाय असं वाटून राहिलं. यांनी मोबाइलवर ॲप टाकून मोजला, दिवसा ६८ ६९ डेसिबल येतो, आणि मला दाखवायला म्हणून एप्रिलमधला कूलरचा आकडा काढला तर तो ६४! म्हणे चार महिने उशाशी हा कूलर घेऊन तू घोरत असतेस, सगळा वहम आहे तुझा.

सोसायटीच्या ग्रूपवर तक्रारीचं पत्र फिरून राहिलंय, सही करायची का कळत नाही. खिडक्यांना डबल काच लावायची म्हटलं तर एका खिडकीचे अठरा हजार सांगितले. आणि लिहायला बसले त्याचं कारण वेगळंच, परवा जेवताना विमान आलं तर माझा सात वर्षांचा पोरगा चमचा तोंडाजवळ धरून छताकडे बघत होता. त्याला कोणी शिकवलं? मीच ना.

तर्रीपोहे_४४०

विमानतळाजवळ फ्लॅट घेतला तं विमानच येईन न ताई, रेल्वे थोडी येणार हाय. घेताना बिल्डर सांगत होता न, एअरपोर्ट दहा मिनिटांवर, तवा गोड वाटलं.

मनीषनगर_काकू

अरे बाबू ती लग्न होऊन आली म्हणतेय, फ्लॅट तिनं घेतला का? आधी वाच मग लिही. आणि रेल्वे पण येते बरं, आमच्याकडे येऊन बघ मनीष नगरात, फाटकाजवळ.

अजनीवाला

काकू तेच म्हणणार होतो. माझं अर्धं आयुष्य अजनीला रेल्वे क्वार्टरमधे गेलं, रात्रभर शंटिंग, मालगाडी निघाली की भांड्याच्या रॅकमधले पेले किणकिणायचे, आई झोपेतच हात लांबवून पेला सरळ करायची. आवाज तुमच्या विमानापेक्षा नक्की जास्त. पण रेल्वे रुळावरून आमच्या घरात येणार नाही हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं. विमानाला रूळ नाहीत ही खरी गोम आहे.

टॉवरवाले_काका (निवृत्त)

ताई, मी विमान वाहतूक नियंत्रणात नोकरी केली, काही वर्षं इथे सोनेगावच्या विमानतळावरही होतो. "आवाज खरंच वाढलाय का" याचं उत्तर हो आणि नाही असं दोन्ही आहे, समजावून सांगतो.

आधी कूलरचंच घ्या. आपल्याकडे कूलर मार्चमधे लागतो आणि पावसाळ्यात पाणी बंद केलं तरी ऑक्टोबरपर्यंत नुसता पंख्यासारखा चालतच राहतो. दिवाळीच्या साफसफाईत तुम्ही त्याला ताडपत्री घातली असेल. बरोबर? म्हणजे विमानाच्या आवाजावर जे पांघरूण होतं तेच निघालं. शिवाय हिवाळ्याच्या रात्री जमिनीजवळची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि दूरवर ऐकू येतो. लांबच्या गाडीची शिट्टी थंडीत कशी जवळ वाटते, तसंच. तेव्हा विमानं तेवढीच असली तरी तुमच्या कानापर्यंत जास्त पोचतंय, हे काही वहम नाही. यजमानांना सांगा.

दुसरं, दिशा. आपल्या धावपट्टीचं नाव १४/३२. म्हणजे एका टोकाकडून तोंड १४० अंशाला, आग्नेयेकडे, दुसऱ्याकडून ३२० अंशाला, वायव्येकडे. विमान उतरताना आणि उडताना तोंड वाऱ्याकडे ठेवतं, म्हणून वारा वायव्येकडून असला की उड्डाणं तुमच्या बाजूला निघतात आणि उतरणारी चिंचभवन खापरीकडून येतात. वारा फिरला की उलट. त्यामुळे काही दिवस एकदम शांत जातात आणि मग अचानक रांग लागते, त्यात कोणाचा काही बेत नसतो. उन्हाळ्यात ४५ च्या पुढे पारा गेला की हवा विरळ होते, पंखाला उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही थोडा घटतो, मग विमान धावपट्टीवर जास्त धावतं आणि सावकाश वर चढतं. मे महिन्यात विमान नेहमीपेक्षा खालून गेल्यासारखं वाटलं तर ते खरंच खालून गेलेलं असतं, आणि ते सगळं हिशेबात धरूनच उडवलेलं असतं.

उतरताना उतार ३ अंशाचा. म्हणजे धावपट्टीपासून चार किलोमीटरवर विमान साधारण २०० मीटर उंच असायलाच हवं. तुम्हाला ते गच्चीला घासून जातंय असं वाटतं कारण आकाशात मोजायला बाजूला दुसरं काही नसतं.

आणि ती शीळ. ते वाचून मला हसू आलं, राग मानू नका. एअरबस ए-३२० जातीच्या विमानांना पंखाखाली इंधनटाकीच्या हवेसाठी छोटी गोल भोकं असतात. त्यावरून वारा गेला की शीळ वाजते, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारतो ना आपण, अगदी तीच गत. लुफ्तान्सानं २०१४ पासून त्या भोकांपुढे पत्र्याची लहानशी पट्टी बसवायला घेतली आणि शीळ गेली. नव्या विमानांना ती आधीच असते. म्हणजे ज्या आवाजानं तुमचं जेवण थांबतं तो बहुतेक बाटलीचा आवाज आहे.

जयताळ्याची_सून

काका!! कूलरचं खरंच आहे, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी झाकला. आणि बाटलीचं मुलाला सांगितलं तर तो आत्ता पाण्याच्या बाटलीत फुंकून घर डोक्यावर घेऊन राहिलाय.

ध्वनी_वगैरे

माझा एम.टेक.चा प्रोजेक्ट वाहतुकीच्या आवाजावर होता, तेव्हा वाचलेलं सांगते कारण तुमचा प्रश्न हा त्या विषयातला जुना आणि बराच अभ्यासलेला प्रश्न आहे.

आवाज किती आणि त्रास किती याचा संबंध आपण समजतो तेवढा घट्ट नाही. दोन शेजारी, एकाच भिंतीचे, एकाला काहीच नाही आणि दुसरा घर विकायला निघतो. १९९३ मधे फील्ड्स नावाच्या संशोधकानं जगभरातली घरोघरची सर्वेक्षणं एकत्र करून बघितली. वय, बाई की पुरुष, शिक्षण, पैसा यानं फारसा फरक पडत नाही असं निघालं. फरक पडतो तो आवाज करणाऱ्या वस्तूची भीती वाटते का, माणूस मुळात आवाजाला हळवा आहे का, ती वस्तू महत्त्वाची वाटते का आणि हा आवाज कोणीतरी कमी करू शकत असून करत नाही असं वाटतं का, यानं. मग १९९९ मधे मिडेमा आणि वोस या नेदरलँड्सच्या जोडीनं त्याला डेसिबलचा भाव लावला. अजिबात न भिणारा आणि खूप भिणारा माणूस, यांच्या त्रासातला फरक जास्तीत जास्त १९ डेसिबलच्या फरकाएवढा निघाला, हळवेपणाचा ११. आता १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, म्हणजे १९ म्हणजे किती ते तुम्हीच बघा. तुमच्या मिस्टरांच्या ॲपमधे ६९ दिसतंय पण तुमच्या पोटात ८८ वाजतायत, आणि दोन्ही खरे.

कूलरचं उदाहरण तर मी प्रोजेक्टमधे का नाही घातलं असं झालं मला. कूलर एकसुरी, रात्रभर सारखा, त्याचं बटण आपल्या हातात, आणि तो पडला तरी फार तर पाणी सांडेल. विमान येतं, वाढतं, डोक्यावर येतं आणि जातं. कान मधल्या शांततेतही कामावर असतो. तुम्ही वाट बघता ना ११:४० ची, त्या वाट बघण्याचा आवाज मीटरवर शून्य येतो.

एक गंमत, स्वीडनमधे १९६० च्या दशकात वायुसेनेच्या तळाजवळ राहणाऱ्या काही लोकांना त्या वायुसेनेबद्दल चांगलंचुंगलं सांगणारं पुस्तक वाटलं होतं. विमानं तीच, आवाज तोच. पुस्तक मिळालेल्यांची कुरकुर कमी झाली.

वायुसेनानगर_जुनी

स्वीडनचं वाचून हसू आलं कारण आम्ही चालतंबोलतं उदाहरण. वडील मेंटेनन्स कमांडमधे, लहानपण सगळं वायुसेनानगरात गेलं. सूर्यकिरणवाले, म्हणजे वायुसेनेची हवाई कसरतीची विमानं, आले की आम्ही पोरं गच्चीवर, कानठळ्या बसायच्या आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. तोच आवाज इकडे लग्नानंतर सासरी ऐकला की सासूबाई देवापुढे हात जोडायच्या.

पण हे पण सांगते, २०२५ च्या मे महिन्यात त्या चार दिवसांत, ऑपरेशन सिंदूरच्या वेळी, रात्री कुठलंही विमान गेलं तरी मी उठून बसत होते. साधी प्रवासी विमानं असायची, मला आवाजावरून कळतं की. कळत होतं आणि तरी बसत होते. तेव्हा ताई, वहम बिहम म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

सोनेगावचा_नातू

आमची आजी सोनेगावचीच, तिच्याकडून ऐकलेलं. १९४९ मधे रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास या चारही बाजूंची विमानं रात्री नागपूरला यायची, इथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल आणि पहाटेच्या आत जो तो आपल्या गावी परत. डकोटा विमानं, पंख्याची, ती काय कमी वाजत असतील? पण आजी म्हणायची, टपालाची विमानं आली, आता निजा. तिचा भाऊ मुंबईला गिरणीत होता, त्याचं पत्र यातच असेल असं ती धरून चालायची. ध्वनी ताईंनी लिहिलंय ना, वस्तू महत्त्वाची वाटते का, ते वाचून आजी आठवली.

खामल्याचा_वकील

सगळं छान चाललंय पण मला हा सूर थोडा खटकून राहिलाय, स्पष्ट बोलतो. "भीतीमुळे त्रास होतो" हे वाक्य उद्या कोणत्याही बाबूच्या हातात द्या, तो तुमच्या अर्जावर लिहील की तक्रार मानसिक स्वरूपाची आहे, फाइल बंद. पुस्तक वाटून कुरकुर कमी झाली म्हणे! कुरकुर कमी झाली, आवाज झाला का कमी? झोपलेल्या माणसाचं शरीर पुस्तक वाचत नाही. युरोपातल्या सहा विमानतळांजवळ जवळपास ४९०० लोकांचा अभ्यास २००८ मधे छापून आला, रात्रीचा विमानांचा आवाज १० डेसिबलनं जास्त असला की उच्च रक्तदाबाचा धोका साधारण १४ टक्क्यांनी जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप शाखेनं २०१८ मधे सांगितलं की विमानांचा आवाज सरासरी ४५ च्या आणि रात्री ४० डेसिबलच्या खाली असावा. आपल्याकडे २००० सालच्या नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५, रात्री ४५, आणि विमानतळाच्या झोनला २०१८ पासून वेगळी मापं, गजबजलेल्या विमानतळांना दिवसा ७० रात्री ६५ आणि बाकीच्यांना ६५ आणि ६०. ही सगळी सरासरी, बरं का. तासात तीन विमानं गेली की मधली शांतता मिसळून आकडा खाली येतो आणि कागदावर सगळं आलबेल. तुमच्या मोबाइलचे ६९ एका विमानाचे, ते या आकड्यांशी थेट ताडून बघता येत नाहीत, हे पण लक्षात ठेवा नाहीतर पहिल्याच सुनावणीत तोंडघशी पडाल.

सही करा. पण पत्रात भीतीबिती लिहू नका, वेळा लिहा.

ध्वनी_वगैरे

वकीलसाहेब, भीती आहे म्हणून आवाज नाही असं मी म्हटलंच नाही. उलट भीती मोजता येते, १९ डेसिबल एवढी मोठी आहे, म्हणजे ती कमी करणं हे पण विमानतळाचंच काम झालं ना? कुठलं विमान का आलं, रात्री इंजिन का चालू होतं, हे लोकांना कोणी सांगतच नाही. खिडकीला अठरा हजाराची काच लावून शीळ थांबेल, वाट बघणं थांबेल का सांगा.

खामल्याचा_वकील

हे मान्य. पण मग सांगायची जबाबदारी कोणाची ते कुठे लिहिलंय दाखवा, मी उद्याच अर्ज टाकतो.

टॉवरवाले_काका (निवृत्त)

वकीलसाहेब बरोबर आहेत, वेळा लिहा. ताई, वही करा. मोबाइलवर विमानं दाखवणारी ॲप आहेत, आवाज आला की बघा कोणतं विमान, कुठून आलं, किती उंचीवर आहे. आठ दिवसांत पाठ होईल. कधी एखादं उतरता उतरता पुन्हा जोरात वर जातं, तेव्हा आवाज फार मोठा होतो आणि लोक घाबरतात. त्याला गो-अराउंड म्हणतात, पुढचं विमान धावपट्टीवरून हटलं नसेल, वारा विचित्र असेल, पक्षी असतील, वैमानिकाला जरा जरी शंका आली तरी तो पुन्हा फेरी मारतो. तो आवाज ऐकून खरं म्हणजे बरं वाटायला पाहिजे. आणि रात्री जमिनीवरून एकाच जागेहून दहापंधरा मिनिटं घूं घूं येत असेल तर ते विमान उडत नसून इंजिनाची चाचणी असू शकते. ते मात्र पत्रात नक्की घाला, त्याची वेळ बदलता येते, वाऱ्याची दिशा नाही.

अजून एक, भीतीच घालायची तर कामाची घाला. विमानतळाच्या १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरं कापायला विमान नियमांनी मनाई आहे कारण घारी जमतात. तुमच्या भागात कचऱ्याचा ढीग आहे का बघा, त्याचा फोटो काढा. नोकरीत असताना मला विमानाची भीती कधी वाटली नाही, घारीची वाटायची.

तर्रीपोहे_४४०

काका तुमी पह्यलेच लिवलं असतं तं मी बोललोच नसतो. सॉरी ताई. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच हाय असा ढीग, वर घारी फिरतात नुसत्या. उद्या फोटो काढतो.

जयताळ्याची_सून

सगळ्यांना उत्तर द्यायला दहा दिवस लागले, माफ करा, घरी पाहुणे होते.

तर. वही केली, मुलाच्या जुन्या चित्रकलेच्या वहीची मागची पानं. पहिले दोन दिवस भीती वाढलीच, कारण आता मुद्दाम कान लावून बसत होते, यांनी कपाळावर हात मारला. तिसऱ्या दिवसापासून मुलगाच लिहायला लागला. आवाज आला की चमचा ठेवून मोबाइलकडे पळतो, जेवण गार होतं पण छताकडे नाही बघत. दुपारी दीडचं मुंबईहून येतं म्हणे, त्याला शीळ आहे. संध्याकाळच्या एकाला नाही, "त्याला पट्टी बसवलेली आहे" असं तो आजीला समजावत होता. रविवारी त्याला मेट्रोनं वर्धा रोडला नेलं, एअरपोर्ट स्टेशनच्या फलाटावर अर्धा तास उभे राहिलो, एक विमान उतरताना दिसलं. घरातून ते डोक्यावर येतं, तिथून बाजूनं जाताना दिसलं, सरळ रेषेत, चाकं काढलेली. मी पण पहिल्यांदाच बघितलं नीट, नऊ वर्षांत.

मला बरं वाटतंय असं नाही म्हणणार. दीडच्या विमानाला अजून झारा थांबतो, पण थोडाच वेळ. अहमदाबादची ती ताटं डोक्यातून गेली नाहीत.

पत्र बदलून घेतलं. "असह्य आवाजामुळे जीव मुठीत धरून जगणाऱ्या नागरिकांच्या वतीनं" अशी सुरुवात होती, सचिव काकांनी बरीच मेहनत घेतली होती, त्यांना थोडं वाईट वाटलं. आता त्यात रात्रीच्या त्या घूं घूं च्या नऊ तारखा आणि वेळा आहेत, आणि कचऱ्याचे दोन फोटो. सही केली. काचेचं तूर्त राहू दिलंय.

आणि ऐका, काल रात्री ११:४० चं आलंच नाही. बारा वाजले, साडेबारा झाले, मी टक्क जागी. शेवटी उठून मोबाइलवर बघितलं तर ते अजून तिकडून उडालंच नव्हतं.

टॉवरवाले_काका (निवृत्त)

धुकं होतं तिकडे. दीड वाजून दहा मिनिटांनी उतरलं. मी पण जागाच होतो.